हात, वस्तू आणि प्रश्न
(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



विज्ञान हा विषय आज देशातील बहुतेक शाळांत शिकविला जातो. त्याची पाठ्यपुस्तके आहेत, तासिका आहेत, परीक्षाही आहेत. तथापि ह्या विषयाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. कविता नीरसपणे शिकविली, तरी ती कविताच राहते. विद्यार्थी मोठेपणी पुन्हा तिच्याकडे वळू शकतो. परंतु निरीक्षण, मापन आणि पडताळा हे तिन्ही वगळून शिकविलेले विज्ञान हे विज्ञान उरत नाही. दुसऱ्या कोणीतरी सांगितलेल्या गोष्टींवर ठेवलेला तो एक विश्वास ठरतो. वस्तुतः अशा विश्वासाकडे चौकसपणे पाहावयास शिकविणे, हेच विज्ञानशिक्षणाचे प्रयोजन होय.

सहावीच्या वर्गातील एखाद्या मुलास पदार्थाची व्याख्या विचारली, तर 'जे जागा व्यापते व ज्याला वस्तुमान असते, ते द्रव्य' असे उत्तर ते न अडखळता देते. हवा हे द्रव्य आहे काय, ह्या प्रश्नालाही ते 'होय' असे म्हणते. मात्र रिकामा पेला उपडा करून पाण्याच्या बादलीत सरळ खाली दाबला आणि 'पाणी आत का शिरत नाही?' असे विचारले, की तेच मूल गप्प होते. व्याख्या त्याच्यापाशी आहे, पेलाही समोर आहे, परंतु ह्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्याला कोणी कधी जाणवू दिलेले नसते. पेला किंचित तिरपा करून बुडबुडा बाहेर पडू दिला आणि तेवढेच पाणी आत शिरलेले दाखविले, म्हणजे हा संबंध अर्ध्या मिनिटात जुळतो. ह्यासाठी लागणारी सामग्री कोणत्याही खेड्यातील कोणत्याही घरात असते. मग हे अर्धे मिनिट शाळेत का मिळत नाही, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

साध्या वस्तूंतून मोठे विज्ञान शिकविता येते, ही कल्पना नवी नव्हे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा सुरू झाली. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातील एकेकाळचा उमेदवार आणि पुढे विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे ह्याने तेथे एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला गुंफली. मेणबत्तीची वात, वितळलेले मेण, ज्योतीचा काळसर व तेजस्वी भाग, थंड पृष्ठभागावर जमणारे पाणी आणि चुन्याच्या निवळीला दुधाळ करणारा वायू, एवढ्या आधारावर त्याने ज्वलनापासून श्वसनापर्यंतचा प्रवास मुलांना घडविला. ही व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्याच विचाराला निराळ्या कारणाने गती मिळाली. युद्धात अनेक देशांतील शाळा व प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि उपकरणे विकत घेण्यास पैसा नव्हता. अशा शाळांतील शिक्षकांसाठी युनेस्कोने एक लहानशी पुस्तिका काढली. हाताशी असलेल्या वस्तूंतून उपकरणे कशी तयार करावीत, हे तिच्यात सांगितलेले होते. ह्या पुस्तिकेचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोचा सुप्रसिद्ध संदर्भग्रंथ तयार झाला. विध्वंसामुळे निर्माण झालेल्या गरजेतून जे जन्मास आले, ते गरीब देशांतील शाळांना तर उपयोगी पडलेच. परंतु संपन्न देशांतील शिक्षकांनाही त्यात आकर्षण वाटले. ह्याचे कारण उघड आहे. मुलाने स्वतः तयार केलेला तराजू काचेच्या पेटीतील पितळी तराजूइतका अचूक नसतो, परंतु तो कसा चालतो हे मुलास कळते.

भारतात हाताच्या कामाला शिक्षणात स्थान देण्याचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत आग्रहाने मांडला गेला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने व डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या आराखड्यातून मूलोद्योगी शिक्षणाची योजना आकारास आली. ज्या समाजात शतकानुशतके हाताने काम करणारे एका बाजूस व पोथी वाचणारे दुसऱ्या बाजूस राहिले, त्या समाजात हा विचार केवळ अध्यापनपद्धतीपुरता नव्हता. पुढे १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक असावे, अशी शिफारस केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा ह्यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. धोरणाच्या पातळीवर ह्याहून अधिक काही सांगण्याची गरज नव्हती. परंतु अनेक शाळांत प्रयोगाचे साहित्य कुलूपबंद कपाटातच राहिले. परीक्षानळी फुटली तर तिचा हिशेब कोणी द्यावयाचा, ही भीती घटनेतील कर्तव्यापेक्षा शिक्षकाला अधिक जवळची होती.

ह्या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम परिसरात, १९७२ मध्ये जे कार्य सुरू झाले, त्याचा विचार सविस्तर करणे योग्य ठरेल. किशोर भारती ही संस्था आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोघांनी शासनाच्या अनुमतीने १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान शिकविण्याची नवी पद्धती अवलंबिली. ह्या शाळा निवडक किंवा सधन मुलांच्या नव्हत्या. त्या ग्रामीण भागातील साध्या सरकारी शाळा होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक आपला वेळ देऊन ह्या शाळांपर्यंत आले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील ह्या स्तरावरील सर्व शासकीय शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' ह्या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली, आणि कालांतराने डझनाहून अधिक जिल्ह्यांतील एक हजाराच्या आसपास शाळांपर्यंत तो पोहोचला.

ह्या पद्धतीत वर्गाची मांडणीच बदललेली होती. चार-चार मुलांची टोळी करावयाची, प्रत्येक टोळीला साहित्य द्यावयाचे, प्रयोग मुलांनीच करावयाचा, निरीक्षणे वहीत आपल्या शब्दांत लिहावयाची, आणि मग साऱ्या वर्गाने मिळून त्यांची चर्चा करावयाची, असा क्रम होता. 'बाल वैज्ञानिक' ह्या नावाच्या पुस्तकांत उत्तरे छापलेली नव्हती. त्यांत कृती होत्या आणि प्रश्न होते. उत्तर हवे असेल तर प्रयोग करण्यावाचून गत्यंतर नाही, अशी त्यांची रचना होती.

वनस्पतींच्या एका पाठाचे उदाहरण घेतल्यास ही पद्धती स्पष्ट होईल. नेहमीच्या पुस्तकात असे वाक्य असते की, एकदल वनस्पतींच्या पानांत समांतर शिराविन्यास व मुळे तंतुमय असतात, तर द्विदल वनस्पतींच्या पानांत जाळीदार शिराविन्यास व सोटमूळ असते. हे वाक्य पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात. नव्या पद्धतीत मुले शेताच्या बांधावर जातात. गहू, मका, हरळी, हरभरा, तूर, तांदुळजा, जे जे मिळेल ते मुळासकट काळजीपूर्वक उपटून आणतात. प्रथम पाने पाहून त्यांचे दोन ढीग करतात. त्यानंतर मुळांकडे पाहून नव्याने ढीग करतात. मका, गहू, हरभरा, मूग ओल्या फडक्यात बांधून ठेवतात आणि दोन-तीन दिवसांनी बी फुटल्यावर त्याच्या दोन डाळिंब्या होतात की नाही, हे पाहून तिसऱ्यांदा ढीग करतात. तिन्ही वेळा ढीग जवळजवळ तेच झाले आहेत, हे जेव्हा त्यांच्या लक्षात येते, तेव्हा वर्गात जी कुजबुज होते, ती कोणत्याही व्याख्येने होत नाही. पानाच्या शिरा, जमिनीखालचे मूळ आणि बीच्या आतील दले ह्यांचा परस्परांशी संबंध असावा, हे निसर्गातील एक आश्चर्य आहे. आणि ते मुलाला आश्चर्य म्हणूनच भेटते.

आणि मग एखादे मूल परसातील अळूचे रोप आणते. त्याच्या पानात शिरांचे जाळे दिसते. मूळ मात्र सोटमूळ नसते, ते तंतुमय असते. हे रोप कोणत्या ढिगात घालावयाचे? पाठांतराच्या वर्गात असे रोप म्हणजे अडचण असते व ते बहुधा खिडकीबाहेर जाते. प्रयोगाच्या वर्गात तोच दिवस सर्वांत महत्त्वाचा ठरतो. अळू ही एकदल वनस्पती आहे आणि शिराविन्यासाच्या नियमास ती अपवाद आहे, हे शिक्षकाने लगेच सांगण्याचे कारण नाही. निसर्गातील वर्गीकरण माणसाने केलेले असते, एका लक्षणावरून घाईने निष्कर्ष काढू नये आणि नियमाला अपवाद आढळला तर तो लपवू नये, तर नोंदवून ठेवावा, हे तीन धडे अळूचे एक पान देऊन जाते.

मापनाच्या पाठातही असाच अनुभव येतो. वर्गातील एकाच बाकाची लांबी आठ टोळ्यांनी पट्टीने मोजली, तर आठ आकडे सारखे येत नाहीत. कोणाचा आकडा अर्धा सेंटिमीटर अधिक, कोणाचा तेवढाच कमी. 'खरी लांबी कोणती?' असा प्रश्न लगेच निघतो, आणि मुले शिक्षकाकडे पाहू लागतात. कारण खरे उत्तर शिक्षकापाशी असते, अशी त्यांची आजवरची समजूत असते. परंतु येथे शिक्षकापाशीही एक पट्टीच असते, आणि त्याने मोजले तर नववा आकडा मिळतो. मग मुले आपापसांत कारणे शोधू लागतात. पट्टीचे टोक झिजलेले होते काय, डोळा तिरपा होता काय, पट्टी उचलून पुढे ठेवताना फट राहिली काय, अशी चर्चा सुरू होते. ह्या चर्चेतून मापनात चढउतार असणारच, त्याची मर्यादा ओळखावी लागते आणि अनेक मापनांची सरासरी काढणे का उपयोगी पडते, हे मुलांना उमगते. आपला आकडा शेजाऱ्याच्या वहीत पाहून बदलणे म्हणजे काय, हेही त्यांना ह्याच वेळी कळते. जे वाचले तेच लिहावे, जे यावयास हवे होते ते लिहू नये, हा प्रामाणिकपणा नीतिपाठाने येणे कठीण. पट्टी आणि बाक ह्यांनी तो येऊ शकतो.

साहित्याविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. १९७८ मध्ये पुण्याच्या एका मोटार कारखान्यातील नोकरीतून रजा घेऊन अरविंद गुप्ता हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले तरुण अभियंते ह्या कार्यक्रमात काम करण्यासाठी होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथील बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी ह्यांचा एक खेळ तयार केला. नळीचे लहान तुकडे कापून ते सांधा म्हणून वापरावयाचे व त्यांत गूल काढून टाकलेल्या काड्या खोचावयाच्या, एवढीच कृती. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबूनही आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाने ढकलताच कलतो. चौकोनात एक कर्ण बसविला, की तोही ताठ उभा राहतो. घराच्या छपराची कैची, रेल्वेचा पूल आणि विजेच्या तारांचे मनोरे ह्यांत सर्वत्र त्रिकोणच का दिसतात, हे मुलास एका पैशाच्या साहित्यात कळते, आणि शाळेतून घरी जाताना ते वर पाहत जाते. गुप्तांनी पुढे पुण्याच्या 'आयुका' ह्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या मुलांसाठी असलेल्या विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री हा सन्मान प्राप्त झाला.

तथापि स्वस्तपणा हे ह्या साहित्याचे मुख्य मूल्य नव्हे. गरीब मुलांसाठी टाकाऊ वस्तू आणि श्रीमंत मुलांसाठी प्रयोगशाळा, असा अर्थ कोणी काढील, तर तो अन्यायाचा ठरेल. सूक्ष्मदर्शक यंत्राची जागा कोणतीही रिकामी डबी घेऊ शकत नाही. प्रत्येक शाळेत भिंगे, तापमापके व सूक्ष्मदर्शक असावयासच हवेत, आणि ते पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. होशंगाबादच्या कार्यक्रमातही शाळांना साहित्याची पेटी देण्यात येत असे. परिचित वस्तूचे मूल्य अन्यत्र आहे. मूल तिला घाबरत नाही, ती मोडली तर कोणी रागावत नाही आणि शाळा सुटल्यावर तोच प्रयोग घरी करून पाहता येतो.

येथे एक सावधगिरीची सूचनाही द्यावयास हवी. प्रयोग हाताने केला, म्हणजे तो आपोआप विज्ञान होतो, असे नाही. बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा एक प्रयोग पाहावा. थाळीत पाणी घ्यावयाचे, मध्यभागी पेटती मेणबत्ती उभी करावयाची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवावयाचा. थोड्या वेळाने ज्योत विझते व पाणी पेल्यात वर चढते. कित्येक पुस्तकांत ह्याचे स्पष्टीकरण असे दिलेले असते की, हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपतो, आणि म्हणून तेवढी जागा पाणी घेते. हे स्पष्टीकरण ऐकावयास सोयीचे आहे, परंतु ते बरोबर नाही. आणि ते बरोबर नाही, हे ओळखण्यास महाविद्यालयीन शिक्षणाची गरज नाही. नीट पाहणाऱ्या मुलाच्या ते ध्यानात येऊ शकते.

ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही; बहुतेक पाणी ज्योत विझल्यानंतर झपाट्याने वर येते. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळत असताना हळूहळू चढावयास हवे होते. दुसरे असे की, पेला खाली ठेवताना त्याच्या काठाशी कधी कधी बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे. त्याच पेल्याखाली एका मेणबत्तीऐवजी तेवढ्याच उंचीच्या तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी अधिक उंच चढते. पेल्यातील हवा तितकीच आहे, तिच्यातील ऑक्सिजनही तितकाच आहे. मग पाणी अधिक का? खरे कारण मुख्यतः उष्णतेत आहे. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते व तिचा काही भाग पेल्याबाहेर निसटतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, ज्वलनात निर्माण झालेली वाफही निवते आणि बाहेरील हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पुष्कळसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते आणि जो खर्च झाला, त्याच्या जागी कार्बन डायॉक्साइड आलेला असतो.

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण पाहावयाचेच असेल, तर त्यासाठी दुसरा प्रयोग आहे. काचेच्या नळीत आतून ओला केलेला लोखंडाचा बारीक कीस चिकटवून ती पाण्यात उपडी उभी करावी. काही दिवसांत लोखंड गंजते, नळीतील ऑक्सिजन त्यात बद्ध होतो आणि पाणी सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढून थांबते. येथे उष्णतेचा गोंधळ नाही. फक्त धीर धरावा लागतो. मेणबत्तीचा प्रयोग पुस्तकातील वाक्य सिद्ध करण्यासाठी केला, तर मुले एक चूक डोळ्यांनी पाहूनही खरी मानतात. तोच प्रयोग प्रश्न विचारण्यासाठी केला, तर छापील वाक्यही तपासून पाहता येते, हे त्यांना कळते. शिक्षकाने वर्गासमोर प्रयोग करून दाखविणे आणि मुलांनी तो स्वतः करून पाहणे ह्यांतील अंतर एवढे मोठे आहे.

अशा वर्गात शिक्षकाचे स्थान काय, ह्याविषयी अनेकांच्या मनात शंका असते. मुलेच सारे करणार, तर शिक्षकाने काय करावयाचे? अनुभव असा की, त्याचे काम वाढते आणि अवघडही होते. व्याख्या सांगणाऱ्याला पुढचे वाक्य ठाऊक असते. प्रयोगाच्या वर्गात मूल कोणता प्रश्न विचारील, हे कोणालाच ठाऊक नसते. 'पाण्यात पडलेला किडा बुडत का नाही?', 'चंद्र दिवसा का दिसतो?', असे प्रश्न येतात आणि त्यांतील कित्येकांची उत्तरे शिक्षकापाशी नसतात. 'माहीत नाही, शोधून पाहू' हे वाक्य उच्चारणे भारतीय शिक्षकाला जड जाते. कारण त्याच्या अधिकाराचा पाया सर्व काही ठाऊक असण्यावर आहे, असे समाजाने त्याला शिकविले आहे. म्हणूनच होशंगाबादच्या कार्यक्रमात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मध्यवर्ती स्थान होते. उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे तीन आठवड्यांच्या शिबिरांत शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांप्रमाणे टोळ्यांत बसून तेच प्रयोग करीत, चुकत, वाद घालीत. वर्षभर दरमहा जवळपासच्या शाळांतील शिक्षकांची बैठक होई आणि वर्गात आलेल्या अडचणी तेथे मांडल्या जात. मुलांना आपले प्रश्न थेट पत्राने विचारता यावेत, म्हणून 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले होते. खेड्यातील मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे मिळत. आपल्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर देते, एवढा विश्वासही पुष्कळ मुलांना आयुष्यात प्रथमच लाभत असेल.

टोळीतील कामाकडे शिक्षकाला बारकाईने पाहावे लागते. चौघांत एखादा धीट मुलगा साहित्य आपल्या हाती ठेवतो आणि मुली केवळ निरीक्षणे लिहून घेतात, असे वारंवार दिसते. कधी कोणाच्या हातचे पाणी वा भांडे कोणी घ्यावयाचे, हा जुना विटाळही न बोलता टोळीत येऊन बसतो. प्रत्येक तासाला कामाची पाळी बदलणे, हा ह्यावरील साधा उपाय आहे. ज्या मुलीने स्वतः विजेरीचा घट व बल्ब जोडून दिवा पेटविला, तिला 'हे मुलींचे काम नव्हे' हे वाक्य पुढे तितक्या सहजतेने पटणार नाही. अर्थात विजेचे सर्व प्रयोग कोरड्या घटांवरच व्हावेत, घरातील वीजपुरवठ्यावर मुळीच होऊ नयेत आणि ज्योतीचे काम शिक्षकाच्या देखरेखीखालीच चालावे, ह्यांत सवलत असू नये.

परीक्षेचा प्रश्न सर्वांत कठीण. वर्षभर मुलांना प्रयोग करावयास लावले आणि अखेरीस व्याख्याच विचारल्या, तर मुले व पालक दोघेही पहिल्याच वर्षी शहाणे होतात आणि प्रयोग सोडून देतात. ही गोष्ट ओळखून होशंगाबादच्या कार्यक्रमात परीक्षाही बदलण्यात आली. लेखी परीक्षेला पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती. त्यामुळे पुस्तकात जसेच्या तसे सापडेल, असे काही विचारण्यात अर्थच उरला नाही. एखादी आकड्यांची सारणी देऊन तिच्यावरून काय निष्पन्न होते, हे विचारता येई. एखाद्या प्रयोगातील उणीव शोधण्यास सांगता येई. जोडीला प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. शिक्षणात जे तपासले जाते, तेच अखेर शिकविले जाते, ह्या कटू सत्याला दिलेले हे सरळ उत्तर होते.

असे असूनही हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने बंद झाला. तीस वर्षे चाललेले, शासकीय शाळांतच रुजलेले कार्य एका आदेशाने थांबले. त्याच्याविरुद्ध जे आक्षेप घेण्यात आले, त्यांत ह्या मुलांचा अभ्यासक्रम राज्यातील इतर मुलांहून वेगळा राहतो व पुढील इयत्तांत ती मागे पडतात, हा प्रमुख होता. कार्यक्रमाच्या पुरस्कर्त्यांनी तो अमान्य केला. ह्या आक्षेपामागील पालकांची चिंता मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या शेतमजुराचा मुलगा प्रथमच आठवीपर्यंत पोहोचला, त्याला नववीत तेथील पुस्तकांशी व पुढे दहावीच्या मंडळाच्या परीक्षेशीच सामना करावयाचा होता, आणि ती परीक्षा तर बदललेली नव्हती. एका जिल्ह्यातील तीन इयत्ता सुधाराव्यात आणि त्यांच्या पुढची व सभोवतालची सारी व्यवस्था जुनीच राहावी, ह्यात जो ताण आहे, तो त्या मुलांच्या माथी पडतो. म्हणून ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष प्रयोगातून शिकणे अव्यवहार्य आहे, असा नाही. ते केवळ काही उत्साही व्यक्ती व संस्था ह्यांच्यावर सोपविल्यास टिकत नाही, असा तो आहे. पाठ्यपुस्तक, प्रशिक्षण, साहित्य आणि परीक्षा ही चारही एकदम बदलावी लागतात. चौघांतील एकाने साथ सोडली, तर उरलेल्या तिघांचा निभाव लागत नाही.

हे कार्य अगदीच निष्फळ झाले, असेही नव्हे. ह्या प्रवाहातून अनेक पुस्तके, खेळणी व शिक्षक घडले. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही विज्ञान शिकण्यातील अडचणींचा अभ्यास करीत आले आहे. शिक्षणक्रमाच्या २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने मुलांच्या स्वतःच्या अनुभवातून होणाऱ्या ज्ञाननिर्मितीवर भर दिला, तेव्हा त्यामागे अशा कित्येक वर्षांच्या कामाची पुण्याई उभी होती.

राहिला प्रश्न एकट्या शिक्षकाचा. शासनाचा आदेश नाही, पेटी नाही, साठ मुलांचा वर्ग आहे आणि अभ्यासक्रम संपवावयाचा आहे. अशा शिक्षकाने काय करावे? आठवड्यातील एक तास त्याला राखून ठेवता येईल. शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवावी. मुलांनी दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवावा आणि लांबी मोजून लिहावी. दिवसातील सर्वांत आखूड सावली केव्हा पडते, घड्याळात त्या वेळी बरोबर बारा वाजलेले असतात काय, ती सावली कोणत्या दिशेला असते, हे एका दिवसात कळेल. तीच नोंद दर आठवड्याला केली, तर आषाढातील व पौषातील सावलीत किती फरक आहे, हे वर्षभरात मुलांच्याच वहीत जमा होईल. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गावांत वर्षातून दोन दिवस असे येतात की, मध्यान्ही काठीची सावली अजिबात पडत नाही. ते दिवस आपल्या गावी कोणते, हे मुलांनी आकाश ढगाळ नसल्यास स्वतः शोधून काढावे. सूर्याकडे थेट पाहू नये, एवढी ताकीद पुरे. बाकी सारे सावलीच सांगते.

ह्या कामाला एक काठी, काही खडे आणि एक वही लागते. अभ्यासक्रम त्यामुळे मागे पडत नाही. भूगोलातील पृथ्वीचे कलणे, गणितातील आलेख आणि विज्ञानातील प्रकाशाचे सरळ रेषेतील गमन हे तिन्ही त्यात येऊन जातात. वर्षाअखेरीस त्या वर्गापाशी जी सारणी असेल, ती कोणत्याही पुस्तकात छापलेली नसेल. त्या गावाची, त्या वर्षाची ती नोंद त्या मुलांनीच केलेली असेल, आणि तिच्यातील एखादा आकडा चुकीचा आहे असे कोणी म्हटले, तर तो पुन्हा कसा पडताळावा, हे त्यांना ठाऊक असेल. शिक्षकवर्गाने येत्या सत्रारंभी एवढा एक तास मोकळा करावा, ही विनंती.